भोईर सरांचे थेंब

दिवाळीचा पत्ता नसताना आमच्या निजामपुऱ्यातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर सुतळी बॉम्ब फुटतो, तेव्हा जुने भाडेकरू फक्त कूस बदलतात. एखादा नवा पाहुणा दचकून उठून बसलाच, तर त्याला सांगावं लागतं, "झोपा, काही नाही. भोईर सर थेंब फोडतायत."

भोईर सर माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. "लक्ष थेंबाकडे!" असं म्हणत ते जिन्यातच माणसाची वाट अडवतात. दुधाची पिशवी हातात धरून त्यांचं व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते मीच देऊ शकेन. समजा, पाण्याचा एक थेंब टांगलाय. बाजूला स्फोट झाला. हवेतून धक्का आला आणि थेंबात शिरला. आपल्याला वाटतं, थेंब बाहेरूनच फुटणार. तर तसं नाही. धक्का थेंबाच्या पलीकडच्या काठावर आदळतो आणि आतल्या आत परत फिरतो. "येताना ढकलत येतो, जाताना ओढत जातो," हे सरांचं लाडकं वाक्य. काठ गोल, म्हणून ती सगळी ओढ आत एका जागी गोळा होते आणि तिथं चक्क पाणी फाटतं. थेंबाच्या पोटात एक बारीक बुडबुडा जन्मतो, लगेच मिटतो, आणि त्या धांदलीत थेंबाच्या चिंधड्या होतात. एवढं होईपर्यंत माझं दूध नासायला आलेलं असतं.

व्याख्यानावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण सरांना तो बुडबुडा बघायचा होता. त्यासाठी गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीला दोरे बांधायचे, दोऱ्यांच्या गाठींवर ड्रॉपरने थेंब टांगायचे आणि खाली पत्र्याच्या बादलीत बॉम्ब ठेवायचा. खालच्या कारखान्यातले कापडाचे लूम चालू असताना आमची बिल्डिंग सारखी थरथरते, त्यामुळे गाठीवर थेंब ठरत नाहीत. म्हणून प्रयोग फक्त लूमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी. मीही लूमच्याच कारखान्यात नोकरीला. आठवड्यातून एक सकाळ शांत मिळते, आणि तीच हा गृहस्थ काडी लावून उडवतो. माझा नवा कॅमेऱ्याचा मोबाइल त्यांनी बुडबुड्याच्या फोटोसाठी मागून नेला. फोटोत नुसता धूर आला आणि धुरामागे माझा वाळत घातलेला शर्ट. त्या शर्टाला आता खिशाशेजारी भोक आहे.

प्रयोगाला भोईरकाकू हजर असतातच. पाण्याच्या रिकाम्या पिंपाला दोन्ही तळवे टेकून त्या शेजारी बसतात. त्यांना ऐकू येत नाही. लग्नाआधीपासून लूमच्या खोलीत सुताच्या कांड्या भरल्या, त्यात कान गेले. निदान सरांची व्याख्यानं तरी त्यांच्या वाट्याला येत नाहीत, असं मी बायकोजवळ म्हणायचो.

शेवटी बिल्डिंगची मीटिंग झाली. सरांनी हे थांबवावं, नाहीतर गच्चीला कुलूप लागेल, असं ठरलं. निरोप द्यायला मला पाठवलं, कारण सगळ्यात जास्त बोंबलत मीच होतो.

मी तावातावाने वर गेलो. वात पेटली होती. सरांनी मला हाताने अडवलं आणि ओरडले, "लक्ष थेंबाकडे!" मी सवयीने सरांकडेच रागाने बघत होतो, म्हणून दिसलं. ते स्वतः थेंबाकडे बघत नव्हते.

बार उडाला. रिकामं पिंप घुमलं. काकूंच्या तळव्यांना ते लागलं असावं, कारण त्या अंग चोरून, तोंडाला पदर न लावता, लहान मुलीसारख्या खळखळून हसल्या. इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

मी निरोप सांगितला. सरांचा चेहरा उतरला. नेहमीसारखा वाद त्यांनी घातला नाही.

"सर, तो बुडबुडा दिसला तरी का कधी?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. वर्गातली भाषा गळून पडली होती. "मानसाचे डोल्याला तो न्हाय दिसायचा. लई झटक्यात होते ते. मना पयल्यापासून ठाव हाय."

"मग हे सगळं कशाला?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू पिंपाला हात लावून दुसऱ्या बाराची वाट बघत होत्या.

"माझी हाक तिला पोचत न्हाय," सर म्हणाले. "ह्यो पोचते."

खाली येऊन मी सांगितलं, की सर ऐकत नाहीत, कुलूप लावा. मात्र किल्ली माझ्याकडे राहील, कारण त्रास सर्वांत जास्त मला होतो. ते सगळ्यांना पटलं. पुढे बार ऐकून कोणी बोंबललंच, तर कुलूप लावलंय म्हणून मी त्याच्यावरच खेकसतो.

आता सुट्टीच्या सकाळी मीच चरफडत उठतो, कुलूप काढतो आणि आधी आपले शर्ट दोरीवरून उचलतो. मग पिंप भरलेलं असेल, तर काकू वर यायच्या आत रिकामं करून ठेवतो.