आधी पुसा, मंग पाहा

सई आणि नील,

मागच्या रविवारी नील फोनवर चिडून सांगत होता, की तिकडच्या दुकानात पहारेकऱ्याने न विचारता त्याची बॅग रिकामी केली. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला आमच्या शेजारच्या युसूफचाचांबद्दल लिहायचं.

राजापेठेतल्या कोणत्याही दुकानात शिरताना चाचा पिशवी छातीशी धरतात. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने हात पुढे केला, की म्हणतात, "आधी पुसा, मंग पाहा!" आपल्या वऱ्हाडात पुसणं म्हणजे विचारणं.

त्यांचा भाचा अकोल्याला वकील आहे. त्याने सांगितलेला कायदा चाचांना तोंडपाठ. दारावरचा गार्ड म्हणजे पोलीस नव्हे. पिशवी दाखवा असं तो म्हणू शकतो, पण आपल्या मर्जीशिवाय तिच्यात हात घालू शकत नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तरच माणसाला धरू शकतो, आणि धरलं तर लगेच पोलिसांच्या हवाली करायचं. "कोंडाचं नाही, दम द्याचा नाही," चाचा बजावतात. "हां, दुकान मालकाचं हाये. त्याले वाटलं तं येऊ नोको म्हनू शकते. थो त्याचा हक्क."

खरी गंमत पुढेच. गार्डने कंटाळून "बरं चाचा, दाखवता का?" म्हटलं, की हे पिशवी खाली ठेवून एकेक वस्तू बाहेर काढतात. "हे पाह्य, इतवारा बाजारातली मेथी. कोवळी हाये का नाही? अन् हा टोस्ट, चहात बुडवला तरी तुटत नाही." मागे रांग वाढत जाते. एकदा रांगेतून एक बाई ओरडल्या, "चाचा, तुमची मेथी शिजली आतापर्यंत!" चाचांनी त्यांनाही जुडी दाखवली.

मग आमच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या किराणा दुकानात मंगेश नावाचा नवा गार्ड आला. त्याने न विचारता पिशवी ओढली. बंद तुटला, मेथी फरशीवर. वर "चला, आत बसा" म्हणत त्याने चाचांचं कोपर धरलं. मी मागेच उभी होते.

"काय चोरलं मी? पाह्यलं का तुनं?"

"पाह्यलं नाही, पन संशय..."

"मंग पोलिसाले बोलाव. नाही तं हात सोड."

मंगेशने हात सोडला. मॅनेजर धावत आला, त्याने माफी मागितली, आणि मग हळूच म्हणाला, "पण चाचा, रोज रांग अडते. आता तुम्ही दुसरं दुकान बघा."

चाचांनी फरशीवरची मेथी गोळा केली आणि घरी निघाले. मालकाचा हक्क त्यांनीच तर सगळ्यांना शिकवला होता. त्यानंतर ते कुठल्याच दुकानात जाईनात.

एका संध्याकाळी मी गॅलरीत होते. चाचा हातगाडीवरची भाजी घेऊन आले आणि स्वतःच्या बंद दारासमोर उभे राहिले. किल्ली काढेनात. थोड्या वेळाने दाराकडे बघत हळूच म्हणाले, "मेथी लाया."

तेव्हा मला आठवलं. चाचांची बायको, आमच्या कुलसूमचाची, होत्या तोवर दार उघडण्याआधी आतून विचारायच्या, "क्या लाए?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला चाचींच्या या प्रश्नाबद्दल सांगितलं आणि चाचांना पुन्हा येऊ द्या म्हटलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "आजी, पण रांगेचं काय?"

"दुपारी तुमच्याकडे चिटपाखरू नसतं. तेव्हा येतील."

मॅनेजरने मालकाला फोन करून होकार मिळवला. तो निरोप घेऊन मी चाचांकडे गेले. त्यांनी आधी चौकशी केली, "मालकाच्या मर्जीनं?"

"हो."

"मंग कायद्यात बसते."

आता चाचा दुपारी जातात. मंगेश दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो. त्यानेच पिशवीला नवा बंद शिवून आणला आहे. तो विचारतो, "चाचा, आज काय आनलं?" आणि चाचा स्टुलावर बसून पिशवी उघडतात.

कुलसूमचाची गेल्या, पण त्यांचा प्रश्न अजून रोज विचारला जातो.