कुंपणावरचा थुंक्या

एका जंगलात, बाळांनो, भालोबा नावाचं अस्वल राहत होतं. जंगल थंड डोंगरावरचं, म्हणून तिथे सफरचंदं पिकत.

एकदा सिंहमहाराजांनी भालोबाला बोलावलं. "तुझ्या उतारावर सफरचंदं लाव. माझ्या राज्याच्या रौप्यमहोत्सवाला फक्कड सायडर हवं. बिघडलं तर उतार लांडग्याला."

सायडर म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस. चढतो. पुढचं घरी विचारू नका.

उतार भालोबाच्या वडिलांचा. तो गेला तर बायकोला घेऊन जायचं कुठे, या काळजीने त्याला मधही गोड लागेना.

झाडं कोणती लावायची हे ठरवायला निवड समिती आली. अध्यक्ष कोल्हेसाहेब, बाकी सगळी माकडं. समितीची रीत अशी, की काहीही निवडायचं ते चावून. आधी लालबुंद, गोड सफरचंद राजलाली चावली आणि सगळ्यांनी सुखाने डोळे मिटले. मग थुंक्या चावला. थुंक्या म्हणजे खडबडीत, कडवट, तुरट सफरचंद. त्याचं नाव कशावरून पडलं ते समितीने जागच्या जागी करून दाखवलं.

"हे सायडरला अयोग्य," कोल्हेसाहेब मिशा पुसत म्हणाले. "उतारभर राजलालीच लावा."

भालोबाला ठाऊक होतं, वडील रांजणात थुंक्याच जास्त घालत. नुसत्या गोड फळांचं सायडर पाणचट होतं. पण साहेबांपुढे बोलायची त्याची छाती होईना.

"आपण म्हणाल तसं," तो म्हणाला.

घरी त्याची बायको चिमाक्का भडकली. "अहो, सायडर काय चावून पितात?"

"जाऊ दे ना. साहेब नाराज होतील."

"होऊ देत. मी थुंक्या कुंपणाला लावते. कुंपणाला अजून समिती नेमलेली नाही."

झाडं वाढली. महोत्सवाच्या आदल्या वर्षी उतार राजलालीने लालेलाल झाला. तेवढ्यात समिती पाहणीला आली. पाहणीसुद्धा चावूनच करायची असते. समिती सहकुटुंब आली होती आणि पाहणी फार कसून झाली.

संध्याकाळी झाडांवर नुसते देठ उरले. भालोबा मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला.

"रडताय काय? टोपली घ्या," चिमाक्का म्हणाली. "कुंपणाला कोणी हातसुद्धा लावलेला नाही."

दोघांनी थुंक्या तोडला, गवतात पडलेली राजलालीची चार फळं त्यात टाकली आणि रस काढला. थंडीभर तो रांजणात आंबला.

महोत्सवात महाराजांनी एक घोट घेतला. मग सगळा पेला संपवला आणि दुसरा मागितला. भालोबाचा जीव भांड्यात पडला.

"निवड आमची होती, महाराज," कोल्हेसाहेब पुढे होऊन म्हणाले.

महाराजांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. भालोबाला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा तो साहेबांपुढे तोंड उघडणार, तोच चिमाक्काने त्याचा पंजा दाबला.

"गप्प बसा," ती कुजबुजली. "पुढच्या वर्षी पाहणी कुंपणाची हवी आहे का?"

भालोबा गप्प बसला. इतकंच नव्हे, त्याने टाळ्याही वाजवल्या.

पुढच्या हंगामात समिती पुन्हा आली. चिमाक्काने दारातच प्रत्येकाच्या हातावर एकेक थुंक्या ठेवला. समिती थुंकली, शेरा मारला आणि राजलालीकडे वळली. कुंपण सुखरूप राहिलं.

तात्पर्य: बाळांनो, तुमच्यात खरोखर काही गुण असेल, तर तो आधी समितीकडून नापास करून घ्या. पास झालेलं जागेवरच खाल्लं जातं.