शिंगं नसलेल्या पिसोरीचं सेवा शुल्क

बाळांनो, नीट बसा. शेपट्या आवरा. ज्यांना शेपट्या नाहीत त्यांनीही आवरा, म्हणजे शिस्त दिसेल.

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका. विद्यापीठातही ते कोणी कधी विचारलं नव्हतं.

तिथे शिक्षण अगदी मोफत होतं. कमानीवर तसं लिहिलेलंच होतं. फक्त विद्यार्थी सेवा शुल्क तेवढं भरावं लागे. वर्षाला चाळीस द्रोण चारोळ्या. ते भरलं नाही तर परीक्षेला बसता येत नसे. पण शिक्षण मोफत होतं.

या विद्यापीठात ठिपकी नावाची एक पिसोरी शिकत होती. पिसोरी म्हणजे सगळ्यात छोटं हरीण. सशाएवढं. पाय काडीसारखे, आणि स्वभाव असा भित्रा की स्वतःच्याच पायाखाली पान वाजलं तरी दचकायचं.

ठिपकी वनौषधी शिकत होती. तिच्या ओढ्याकाठच्या वस्तीत दर वर्षी हरणांची खुरं सडत. आधी लंगडणं, मग बसणं, मग संपणं. दोन पाडसं तिच्या डोळ्यांदेखत गेली होती. आता आईचा मागचा पाय सुजला होता. वस्तीत वैद्य नव्हता. आणि परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी कोणाला औषध द्यायचं नाही, असा जंगलाचा कायदा होता. न शिकलेल्याच्या हातून कोणी बरं झालं तर केवढी पंचाईत!

परीक्षा चैत्रात होती. शुल्क फाल्गुनात भरायचं होतं. आणि चारोळी पिकते वैशाखात. झाडांना विद्यापीठाचं वेळापत्रक कोणी कळवलं नव्हतं.

ठिपकी शुल्काच्या खिडकीवर गेली. खिडकीत घोरपडे भाऊसाहेब बसत. ते घोरपड होते. एकदा खुर्चीला चिकटले ते चिकटलेच.

"भाऊसाहेब, हे सेवा शुल्क कशाचं असतं?" ठिपकीने विचारलं.

"सेवांचं," भाऊसाहेब म्हणाले. "वृक्षारोहण केंद्र. डुंबण्याचा तलाव. शिंगनिगा केंद्र."

"मला झाडावर चढता येत नाही. तलावात पाणी नाही. आणि मला शिंगं नाहीत."

"येतील."

"पिसोरीला येत नाहीत हो."

भाऊसाहेबांनी जीभ बाहेर काढून आत घेतली. विचार करताना ते असं करत. "हे बघ, शुल्क सेवा वापरल्याचं नसतं. सेवा असल्याचं असतं. तुला शिंगं नाहीत हा तुझा खाजगी प्रश्न आहे."

ठिपकी म्हणाली, "भरते. पण वैशाखात भरलं तर चालेल का? दोन महिन्यांचीच मुदत हवी होती."

"का नाही चालणार? विद्यार्थ्यांसाठी खास योजनाच आहे. शुल्क लांबणी योजना." भाऊसाहेबांनी एक अर्ज पुढे सरकवला. "अर्जाचे दोन द्रोण."

दोन द्रोण चारोळ्या तिच्याकडे होत्या. गेल्या वर्षीच्या, आईने अडीअडचणीला ठेवलेल्या. अडचण आलीच होती. तिने त्या दिल्या.

अर्जाला एक दाखला जोडायचा होता. अर्जदाराकडे विद्यापीठाचं काही येणं बाकी नाही, असा दाखला.

"हा दाखला कुठे मिळतो?"

"इथेच मिळतो."

"मग द्या ना."

"शुल्क भर, लगेच देतो."

"पण शुल्क भरलं तर मला मुदत कशाला लागेल?"

"तेच तर!" भाऊसाहेब खूश झाले. "शुल्क भरणाऱ्यांना या योजनेत सगळ्यात आधी मंजुरी मिळते."

ठिपकी विद्यार्थी कल्याण अधिकाऱ्यांकडे गेली. ते तरस होते. त्यांना सतत हसू येई. म्हणूनच त्यांना कल्याण खातं दिलं होतं.

तिने सगळं सांगितलं. आईच्या पायाचंही सांगितलं. तरससाहेब खदाखदा हसले.

"अगं, विद्यार्थी म्हणजे आमचं दैवत! दाखला नसू दे. तुझं प्रकरण मी समितीपुढे ठेवतो."

"समिती कधी बसेल साहेब?"

"परीक्षेच्या गडबडीत कशी बसेल? परीक्षा झाली की लगेच."

"पण मला परीक्षेला बसायचंय."

"बस ना! तुला कोण अडवतंय?" साहेब पुन्हा हसले. त्यांचं हसू थांबेना, म्हणून ती बाहेर आली.

परीक्षेच्या दिवशी अडवलं ते दारावरच्या रानडुकराने. त्याने नुसतं नाक पुढे केलं. पावती नाही, प्रवेशपत्र नाही. तो मनाने वाईट नव्हता. "भिंतीजवळ उभी राहा," तो हळूच म्हणाला, "ऐकू येईल."

आत कावळेसर प्रश्न वाचत होते. पहिलाच प्रश्न होता : खुरं सडू लागल्यास उपाय सांगा.

ठिपकीने उत्तर भिंतीला सांगितलं. कडुलिंबाच्या काढ्याने धुवावं, करंजाचं तेल लावावं, कोरड्या पाल्यात बांधावं. सगळं बरोबर होतं. भिंतीने गुण दिले नाहीत.

आत एका लांडग्याच्या पोराने लिहिलं, 'खूर खाऊन टाकावं.' त्याचं शुल्क वेळेत आलं होतं. तो पास झाला. पहिल्या वर्गात.

घरी गेल्यावर आईने विचारलं, "कसा गेला गं पेपर?"

"सोपा होता," ठिपकी म्हणाली. आणि हे खोटं नव्हतंच.

वैशाख आला. चारोळ्या पिकल्या. आई तीन पायांवर उड्या मारत झाडाखाली यायची आणि दातांनी एकेक फळ वेचायची. "तू शीक," एवढंच म्हणायची. बारा दिवसांत चाळीस द्रोण भरले. ठिपकीने करंडी गळ्यात अडकवली आणि खिडकी गाठली.

"अभिनंदन!" घोरपडे भाऊसाहेब म्हणाले. "समितीने तुला मुदत मंजूर केली. चैत्र अखेरपर्यंत."

"चैत्र तर संपला."

"म्हणून दहा द्रोण विलंब शुल्क. एकूण पन्नास."

"आणि परीक्षा?"

"ती झाली. आता पुढच्या चैत्रात."

"तिला हेच शुल्क चालेल?"

"असं कसं? हे या वर्षीच्या सेवांचं. पुढच्या वर्षी सेवा नवीन असतील. शिंगनिगा केंद्राला रंग देतोय."

ठिपकीने करंडीकडे पाहिलं. वरच्या चारोळ्यांवर आईच्या दातांच्या खुणा होत्या. भाऊसाहेबांचा पंजा करंडीवर आला होता. जी पिसोरी पान वाजलं की पळायची, तिने तो पंजा नाकाने बाजूला ढकलला.

"काय करतेस?"

"लांबणीवर टाकते," ठिपकी म्हणाली. करंडी गळ्यात अडकवून ती चालू लागली. भाऊसाहेब तिच्या मागे धावणार होते. पण खुर्ची सुटेना.

वाटेत तिने कडुलिंबाचा पाला तोडला. करंजाच्या बिया घेतल्या. घरी येऊन आईचा पाय धुतला, तेल लावलं, कोरड्या पाल्यात बांधला. आठ दिवस दोघी जीव मुठीत धरून बसल्या. पायाची भीती एक, कायद्याची दुसरी. नवव्या दिवशी आईने चौथा पाय टेकला. मग एक पाऊल टाकलं. ठिपकीला रडू आलं आणि आई तिच्यावरच ओरडली, "रडतेस काय? शेजारणीचा पायही सुजलाय, जा!"

त्या उन्हाळ्यात वस्तीतलं एकही पाडस दगावलं नाही. बातमी पसरली. लांबून सांबरं आली, भेकरं आली. एके दिवशी करवंदीच्या जाळीआडून एक मोठं काळं धूड लंगडत आलं. विद्यापीठाचे कुलगुरू, गवेसाहेब.

"आमचे पहिल्या वर्गात आलेले वैद्य माझं खूर खाऊ बघतायत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू जरा बघतेस का, बाळ?"

तिने बघितलं. आठवड्यात साहेब दणदण चालू लागले.

"किती द्यायचे?"

"काही नको."

"बरं, मग पावती?"

"माझ्याकडे पावत्या नाहीत, सर."

साहेब अस्वस्थ झाले. चालताना त्यांना बरं वाटत होतं, पण कागदावर काहीच नव्हतं. त्यांनी सभा बोलावली. तरससाहेब हसले. भाऊसाहेबांनी जीभ आत-बाहेर केली. शेवटी एक परिपत्रक निघालं : 'पावतीशिवाय बरे झालेल्या सर्वांना यापुढे आजारी समजण्यात येईल.'

परिपत्रकावर सही गवेसाहेबांची होती. ते नियमाचे पक्के. तेव्हापासून ते कमानीच्या आत आले की लंगडतात. बाहेर पडले की नीट चालतात.

ठिपकीचं नाव पटावरून काढून टाकलं. त्यामुळे थकबाकीदार एकही उरला नाही, आणि विद्यापीठाला शंभर टक्के वसुलीचा पुरस्कार मिळाला. तिकडे ओढ्याकाठी रोग्यांची रांग होती. ठिपकीला समारंभाला जायला वेळ झाला नाही. बोलावलंही नव्हतं म्हणा.

तात्पर्य : बाळांनो, शुल्क नेहमी वेळेवर भरावं. मग आपल्याला काही येतं की नाही, हे कोणी विचारत नाही. ज्यांना शुल्क भरता येत नाही, त्यांना बिचाऱ्यांना खरोखरच शिकावं लागतं.