मंगळावरचं गावठाण

हैबतीनानांची गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे, आणि दर वेळी अर्धीच. ऐकणारे हसायचे, तिथे मी थांबायचो. पुढचं टाळता टाळता पंचाहत्तरी उलटली. माझ्याबरोबर हसलेले बहुतेक जण आता नाहीत, त्यामुळे लाज वाटायची ती एकट्यापुढेच वाटणार. म्हणून आज सगळी सांगतो. आधी हसायचा भाग सांगतो, कारण तोही खराच आहे.

नानांसमोर कुठल्याही नव्या जागेचं नाव काढा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "तितं पानी कुटं हाय?"

कुणी म्हणालं, पोरगी सूसला दिली, तर नाना जावयाचं नाव विचारत नसत. विहीर घरापासून किती कासरे लांब, ते विचारत. एकजण काशी करून आला. सगळं गाव त्याच्या पाया पडलं. नानांनी गंगेचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं आणि घाटावरची घरं त्याच्या वर आहेत का खाली, एवढं विचारून घेतलं. तो बिचारा म्हणाला, "नाना, मी दर्शनाला गेल्तो." नाना म्हणाले, "आरं, दर्शनाच्या आदी इचारून घ्यावं."

"आदी इचारून घ्यावं" हे त्यांचं पालुपद. त्याला कारण होतं. मुळशीचं धरण झालं तेव्हा नाना आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांचं जांभूळशेत, बत्तीस घरांचं गाव, पाण्याखाली गेलं. नानांच्या मते गाव बुडालं ते धरणामुळे कमी आणि कुणी काही न विचारल्यामुळे जास्त. "आमच्या म्हाताऱ्यांनी इचारलंच न्हाई, भाऊसाहेब. कुटं जायाचं, कोन कुनाशेजारी ऱ्हायाचं, काय बी न्हाई. उठले आन पांगले."

भाऊसाहेब म्हणजे मी. सत्तरच्या दशकात मी, नाना राहायचे त्या धरणकाठच्या गावी तलाठी होतो. वय सव्वीस. नाना साठीचे. तरी ते मला अहो-जाहो करत आणि मी त्यांना अरे-तुरे. ती तेव्हाची रीत होती, असं म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला सोडवलं आहे.

चावडी म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि गेनू कोतवाल. सकाळी मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो आणि चार-सहा माणसं ऐकायला बसायची. एके दिवशी बातमी आली, मंगळावर यान उतरलं. पुढेमागे माणूस तिथे राहू शकेल का, याचा शास्त्रज्ञ विचार करताहेत.

सगळे "अबब" म्हणाले. नाना पुढे सरकले.

"पानी?"

"शोधतायत."

"म्हंजी न्हाई. हवा?"

"नावापुरती."

"मंग चूल कशी पेटनार? पेटली न्हाई तर भाकरी न्हाई. कोन चाललंय तितं? बायका इचारल्यात का?"

मला मजा वाटली. पुण्याला गेलो तेव्हा ग्रहांची माहिती देणारं एक पातळ पुस्तक घेऊन आलो. मग रोज सकाळी वर्तमानपत्र बाजूला आणि नानांची उलटतपासणी सुरू. मंगळावर वस्तूचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, हे वाचल्यावर गेनू म्हणाला, "मंग वाण्याची चंगळ हाय." नाना म्हणाले, "खुळा का काय! तराजूत दोनी बाजूला तेवढंच हलकं हुनार." पुस्तकात हे नव्हतं. मी मनात विचार करून पाहिला, बरोबर होतं.

मंगळाचं वर्ष आपल्या जवळजवळ दुपटीचं असतं, असं मी सांगितलं. नानांनी बोटांवर हिशेब केला, जमला नाही, मग माझ्याकडून करून घेतला. "म्हंजी मी तितं बत्तीस वर्साचा?"

"बत्तीस."

"नाना, मंग लगीन उरकून टाका," गेनू म्हणाला.

"घर हुंदे आदी," नाना म्हणाले. नाना बिनलग्नाचे होते. धरणाच्या वरच्या अंगाला दुसऱ्याच्या जागेत एक झोपडी, एवढाच त्यांचा संसार.

"आन मंगळ असलेली पोरगी मिळाली तर?"

"तितं समद्यास्नीच मंगळ. अडवनार कोन?"

चावडी हसून लोळली. नाना हसले नाहीत. ते म्हणाले, "भाऊसाहेब, हवापान्याचं सायब लोक बघत्याल. ती शिकल्याली मानसं हायेत. पर कोन कुनाच्या शेजारी, हे त्यास्नी सुचायचं न्हाई. मानूस हवा नसली की लगेच मरतो, आन शेजार नसला की सावकाश. आमी बघितलंय. ह्या बारीला आदी अर्ज द्यायचा."

इथून पुढे माझी करणी.

मी कोरा कागद घेतला आणि माझ्या सुंदर कचेरी अक्षरात लिहिलं : "विषय : मंगळ ग्रहावर गावठाण मिळणेबाबत. मौजे जांभूळशेत (बुडीत) येथील बत्तीस घरांना, सदर ग्रहावर मनुष्यवस्ती सुरू झाल्यास, एकाच ठिकाणी, पूर्वीच्याच शेजाराने, पाण्याच्या जवळ परंतु पाण्याच्या वर जागा मिळावी, ही विनंती." 'पाण्याच्या वर' हे शब्द नानांचे. ते त्यांनी दोनदा वाचून घेतले. मग अंगठा उठवला. मी आवक रजिस्टरला नोंद केली, शिक्का मारला, नंबर घातला आणि एक प्रत त्यांच्या हातात दिली. गेनूनं तोंडात उपरणं कोंबलं होतं.

खेड्यातल्या माणसाच्या लेखी अर्ज म्हणजे काय, हे तलाठ्याला सांगायला नको. बोललेलं वाऱ्यावर जातं. नंबर पडलेला कागद मात्र सरकारच्या पोटात गेलेला असतो. आज ना उद्या तो बाहेर येणारच. मला हे ठाऊक होतं, आणि सगळी गंमत त्यातच होती.

तालुक्याच्या बैठकीत मी तो अर्ज वाचून दाखवला. मी बदलीवर आलेला, कुणाशी फारशी ओळख नसलेला मुलगा होतो. त्या दिवसापासून सगळे मला ओळखू लागले. "काय मंगळाचे तलाठी, मोजणी कधी?" साहेब चहा पाजू लागले. मी दर महिन्याला नानांचा एखादा नवा प्रश्न घेऊन जायचो आणि कमी पडला तर रचायचो.

वर्षभराने बेघरांना घरासाठी जागा द्यायची योजना आली. यादी मी करायची होती. आमच्या गावात पहिलं नाव नानांचं, यात कुणाचंही दुमत नव्हतं. चावडीत माझे वरिष्ठ सर्कलसाहेब बसलेले, पाच-सहा गावकरी उभे. मी अंगठ्यासाठी शाईची पेटी पुढे केली. नानांनी हात मागे घेतला.

"माजा अर्ज हाय की तुमच्याकडं. शिक्क्याचा."

"नाना, तो वेगळा. हे घे, अंगठा लाव."

"न्हाई, भाऊसाहेब. येका मानसानं दोन ठिकानी नाव लावलं तर दोनी कागद खोटं पडत्यात. माज्या येकल्याचं आसतं तर लावला आसता. बत्तीस घरांचा अर्ज हाय त्यो."

सर्कलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठ दाबले. त्यांना सगळं माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं : नाना, तो अर्ज मी चेष्टेनं लिहिला. पण ते सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे म्हाताऱ्याला फसवणारा मी ठरणार. मी म्हणालो, "विचार कर. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी नाना येऊन तेच सांगून गेले. त्या दिवशी चावडीत गेनूशिवाय कुणी नव्हतं. तेव्हाही मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी यादी गेली. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "अर्जदाराने जागा घेण्यास नकार दिला." सरकारी दप्तरात ते अजून तसंच असेल. ते खोटं आहे. नकार त्यांनी दिला, पण तो त्यांच्या तोंडी मी घातला होता.

गावाच्या कडेला चौदा घरं उभी राहिली. नानांचं राहिलं नाही. सहा महिन्यांत माझी बदली झाली, आणि पुढच्या प्रत्येक गावात मी ही गोष्ट हसायच्या ठिकाणापर्यंत सांगत राहिलो.

नाना जाण्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना शेवटचा भेटलो. पौडला काम होतं. एसटीत बसल्यापासून मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. गावात पोचल्यावर गेनू भेटला, केस पिकलेला. म्हणाला, "नाना वर टेकाडाला गेलं ऱ्हायाला आता. दोनदा उठीवलं त्यास्नी. जागंचा मालक बदलला का उटवत्यात." टेकाडावर अर्धा तास चढल्यावर झोपडी दिसली. नाना बाहेर उन्हात बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला ओळखलं.

"भाऊसाहेब! या. काय कळलं का वरनं?"

मी खाली बघितलं. "नाही, नाना. अजून नाही. तुम्ही कसे आहात?"

"म्या काय, बराय. सरकारचं काम, येळ लागायचाच. या, आत या, दावतो."

आतली भिंत पांढऱ्या मातीनं सारवली होती आणि तिच्यावर गेरूनं गाव काढलं होतं. नानांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घरावर खूण होती. कुठे म्हैस, कुठे भाता, कुठे नुसती दोन पोरं. काठीच्या टोकानं ते मला घरं दाखवू लागले. हा सध्या मुंबईला गोदीत, हा मारुंजीला सासऱ्याकडं, ह्याची म्हातारी गेली पण नातू हाय. बत्तीसपैकी एकोणतीस घरांची माणसं त्यांनी चालत फिरून, विचारत विचारत हुडकली होती आणि प्रत्येकाला जाऊन सांगितलं होतं, तुमची जागा धरलीय म्हणून. मधोमध एक पाणवठा होता.

"येकच ठिवलाय," नाना म्हणाले. "मागल्या येळंला दोन हुते, त्यांचा येगळा, आमचा येगळा. ते काय बरं न्हवं. नवं गाव हाय तर नीट करावं."

पाणवठ्याच्या वरच्या अंगाला शेवटचं घर नानांचं. त्याला लागून आणखी एक चौकोन होता. मी मोजलं. तेहतिसावा. त्यावर दोन गोल काढले होते, मध्ये दांडी.

"हे कुणाचं?"

"चष्मा न्हाई का वळकला? तुमचं हाय."

"माझं कशाला, नाना?"

"गावाला तलाठी लागतोच की," ते म्हणाले. "आन तुमाला तरी कुटं गाव हाय? बदलीचा मानूस तुमी. चावडीत येकलं जेवताना बघायचो मी. म्हनलं, आपल्या शेजारी आसूं द्या."

एसटीत जुळवलेलं सगळं माझ्या जिभेवर होतं. नाना, तो अर्ज कुठेच गेला नाही. मी तो चेष्टेनं लिहिला, लोकांना हसवायला. तुमचं घर माझ्यामुळे गेलं. मला माफ करा. चार वाक्यं. त्या घराकडे बघत मी ती पुन्हा एकदा मनात म्हटली.

नाना काठी टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते. "न्हाई पसंत?"

"पसंत आहे, नाना," मी म्हणालो.