रोडग्यांचं हवन

एका खोक्यात चोवीस गोवऱ्या होत्या. अशी चार खोकी, म्हणजे एकूण शहाण्णव. त्यातल्या तीन वाटेत फुटल्या होत्या. प्राजक्तानं एक गोवरी पट्टीवर ठेवून मोजली. व्यास सहा सेंटिमीटर, जाडी एक सेंटिमीटरला जराशी कमी. मोबाइलवरच्या फोटोत हीच गोवरी परातीएवढी दिसत होती, कारण फोटोत तिच्या शेजारी दुसरं काहीच नव्हतं.

प्राजक्ताच्या सासऱ्यांनी, म्हणजे खुशालरावांनी, एक गोवरी उचलून उलटीपालटी केली.

"हे गोवरी हाय का चहासंगं खायचं बिस्कुट?"

"ऑनलाइन अशाच येतात बाबा," नितेश म्हणाला. ऑर्डर त्यानंच दिली होती.

खुशालरावांनी गोवरीचा वास घेतला. थांबून पुन्हा घेतला. मग ती बायकोच्या नाकापुढे धरली.

"कापूर," दुर्गाबाई म्हणाल्या.

"म्हंजे गाय देवघरात चरत होती."

प्राजक्तानं खोक्याच्या तळावरची बारीक अक्षरं वाचली. गोवऱ्या हवनासाठी होत्या. त्यात शेणाबरोबर कापूर, गुग्गुळ, लोबान आणि तूप घातलेलं होतं. घरात मात्र हवन नव्हतं, रोडगे होते.

नितेशची बदली अमरावतीला झाली, तेव्हा चौघांनीही हिवरखेड सोडलं. प्राजक्ताला इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. घर मात्र मिळेना. कुणाला चार माणसं जास्त वाटत, कुणाला खुशालरावांचा खोकला. नवव्या घराच्या जिन्यातून परत उतरताना दुर्गाबाई मधल्या पायरीवर थांबल्या आणि त्यांनी मारोतीला हात जोडले. घर मिळू दे, त्याच घराच्या गच्चीवर रोडगे करून तुला निवद दाखवीन.

दहावं घर मिळालं, दुसऱ्या मजल्यावरचं, वर थेट गच्ची. घरमालकीण माणिकबाई तळमजल्यावर राहत. किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"छतावर चूल नाई, शेगडी नाई, धूर नाई. मांगच्या भाडेकऱ्यानं वरतं भरताचे वांगे भाजले, माह्या वाळू घातलेल्या साड्या चार दिस वांग्यावानी वास मारत होत्या. दुसऱ्या दिवशी सामान उचलाले लावलं त्याले."

आणि रोडगे म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजलेले. बिनधुराचे रोडगे अजून कुणाला जमलेले नाहीत. नितेशनं एकदा कुकरमध्ये करून पाहिले होते. खुशालराव त्यांना आजाऱ्याचे रोडगे म्हणाले आणि दुर्गाबाईंनी ते मारोतीला दाखवायला साफ नकार दिला.

"आई, धूर दिसला तर काकू घर खाली करायले लावतील," प्राजक्ता म्हणाली.

"अन् नवस नाई फेडला त घर जाईन. नवस घराचाच हाय."

"म्हणजे फेडला तरी जाते, नाही फेडला तरी जाते."

"फेडून गेलं त मारोती दुसरं देईन," दुर्गाबाई म्हणाल्या. "सकायी नळ हातात आला माह्या. आठवण करून देऊन राहिला तो."

नळाचा आटा झिजला होता, हे प्राजक्तानं सांगितलं नाही. दहा घरं पाहिली होती, अकरावं पाहायची कुणात ताकद नव्हती. तिनं एवढंच सांगितलं की माणिकबाई दुपारी दोन ते चार झोपतात. दोन तासांत भाजून, राख भरून, गच्ची धुऊन होईल.

"पण या कापराचं काय?" खुशालरावांनी विचारलं. "रोडग्याले वास लागन."

"नाही लागणार. कापूर वितळत नाही बाबा, सरळ उडून जातो. मागं काहीच राहत नाही."

"पक्कं?"

"मीच शिकवते पोरांना."

खुशालरावांनी गच्चीवर पत्रा अंथरला, वाळू पसरली, राख इकडेतिकडे उडू नये म्हणून चारी बाजूंनी विटा लावल्या आणि मधे गोवऱ्या रचल्या. कोपऱ्यात वांग्याच्या भाजीचं पातेलं आणि तुपाची बरणी होती. दुर्गाबाईंनी एकवीस गोळे वळून आणले. अडीच वाजता नितेशनं काडी ओढली.

कापूर उडून जातो हे बरोबर होतं. तो कुठं जातो याचा विचार प्राजक्तानं केला नव्हता. वारा अजिबात नव्हता. पांढरा, जाड धूर गच्चीवर थोडा वेळ घुटमळला आणि जिन्यानं खाली गेला.

रोडगे निखाऱ्यात पुरून दहा मिनिटंही झाली नसतील, तोच जिन्यात बांगड्या वाजल्या. नितेश पाण्याच्या टाकीमागे गेला. खुशालराव हातात चिमटा घेऊन जागच्या जागी बसून राहिले. गच्चीच्या दारात माणिकबाई उभ्या होत्या. त्यांनी विटांचा चौकोन पाहिला, धूर पाहिला, तुपाची बरणी पाहिली. मग डोक्यावरून पदर घेतला.

"हवन ठेवलं अन् मले सांगतलं नाई?" त्या म्हणाल्या. आवाज दुखावलेला होता. "मी का परकी हावो?"

"अचानकच ठरलं काकू," प्राजक्ता म्हणाली.

"कोन्या देवाचं?"

नवसाच्या दिवशी दुर्गाबाई खोटं बोलणार नव्हत्या. "मारोतीचं," त्या म्हणाल्या.

"काय वास हाय वं माय. सारं घर पवित्र झालं." माणिकबाई मांडी घालून बसल्या आणि त्यांनी फोन काढला. "शेषराव, झोपले का? या वरतं. नारळ घेऊन या."

शेषराव पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू, निवृत्त माणूस. ते नारळ, उदबत्ती आणि बायको घेऊन आले. मागच्या गल्लीतल्या दोन बायकाही वासावरून आल्या. सगळे विटांभोवती हात जोडून बसले आणि खुशालरावांकडे पाहू लागले.

"महाराज, होऊ द्या," शेषराव म्हणाले.

"मी कायचा महाराज?"

"मनात म्हनत असतीन ते," माणिकबाईंनी खुलासा केला. "खरे लोक मोठ्यानं नाई म्हनत."

खुशालरावांची अडचण निराळी होती. रोडगे एका बाजूनं भाजून झाले होते आणि आता उलटले नाहीत तर करपणार होते. पण दहा डोळे निखाऱ्यांवर खिळलेले होते. त्यात शेषरावांनी चमचाभर तूप आत सोडलं आणि जोरात "स्वाहा" म्हटलं. भडका उडाला. सगळ्यांनी डोळे मिटून नमस्कार केला. प्राजक्तानं ते पाहिलं.

"बाबा," ती सासऱ्यांच्या कानात म्हणाली, "मी स्वाहा म्हटलं की एक उलटा."

"काय?"

"स्वाहा," प्राजक्ता म्हणाली. सगळ्यांचे डोळे मिटले. खुशालरावांनी चिमटा घातला आणि पहिला रोडगा उलटला. डोळे उघडले तेव्हा त्यांचा चिमटा मांडीवर होता.

सात-आठ आहुत्यांनंतर दोघांना लय सापडली. तेराव्या आहुतीला शेषराव म्हणाले, सूनबाईचा आवाज भारी हाय. चौदाव्या आहुतीच्या वेळी गच्चीच्या दारात नागसेन येऊन उभा राहिला. तो शेषरावांच्या शेजारच्या खोल्यांत राहत असे. तो बँकेत नोकरीला होता आणि दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पातेल्याचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि खुशालरावांजवळ उकिडवा बसला.

"काका," तो हळूच म्हणाला, "हवनात वांगे कायले लागतात?"

खुशालरावांनी माणिकबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"कुठला तू?"

"वलगावचा. रोडगे वासावरून समजत नाईत का मले? जरा कापूर जास्त झाला."

"दोन देतो. गुमान बस."

"तीन," नागसेन म्हणाला आणि पुढच्या "स्वाहा"ला त्यानं सगळ्यांपेक्षा मोठ्यानं साथ दिली.

एकविसावा रोडगा उलटून झाला. थोड्या वेळानं खुशालरावांनी राखेतून पहिला बाहेर काढला, फडक्यानं झटकला आणि तुपात बुडवला. माणिकबाई पुढे वाकल्या.

"हे काय निघालं वं?"

टाकीमागे नितेशला शिंक आली ती त्यानं दाबली. दुर्गाबाईंनी रोडगा हातात घेतला, मारोतीच्या देवळाच्या दिशेनं दाखवला आणि म्हणाल्या, "प्रसाद हाय."

हेही खोटं नव्हतं. नवस फिटला होता.

प्रत्येकाच्या हातावर एकेक रोडगा पडला. खुशालरावांनी आपला फोडला, तुकडा तोंडात टाकला आणि सुनेकडे पाहिलं. कापूर उडून गेला होता, पण आधी कणकेत मुक्काम करून. बाहेरून गहू लागत होता, आतून देवघर. जीभ गार पडत होती आणि डोळ्यांत पाणी येत होतं. शेषराव चावायचे थांबले. मागच्या गल्लीतल्या एका बाईनं घास गालात धरून ठेवला. पण प्रसाद थुंकता येत नाही. कुणी कुणाकडे न पाहता सगळ्यांनी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.

माणिकबाईंनी डोळे पुसले.

"आतून थंड वाटलं," त्या म्हणाल्या. "असा प्रसाद जिंदगीत नाई खाल्ला. आता दर शनिवारी झालं पाहिजेन हे."

"दर शनिवारी?" प्राजक्तानं विचारलं.

"काहून? जमत नसन त सांगा. घर मागनारे लय हायेत."

त्या रात्री जेवताना खुशालरावांनी जाहीर केलं की असले रोडगे मारोती खात असेल तर खावो, आपण खाणार नाही. सोमवारी ते एसटीनं हिवरखेडला गेले आणि खऱ्या गोवऱ्यांचं पोतं घेऊन आले. एकेक गोवरी ताटाएवढी, नुसत्या शेणाची. पुढच्या शनिवारी अडीच वाजता विटांच्या चौकोनात त्या रचल्या आणि पेटवल्या. धूर निघाला, करडा आणि प्रामाणिक, आणि जिन्यानं खाली गेला.

खालचं दार धाडकन उघडलं.

"कोन वांगे भाजून राहिलं वं वरतं?" माणिकबाईंचा आवाज आला. पाठोपाठ पायऱ्यांवर चपलांचा फटफट आवाज सुरू झाला.

"गेलं घर," नितेश म्हणाला आणि टाकीकडे निघाला.

प्राजक्ता धावत खाली घरात गेली आणि देवघरातली कापराची डबी आणि पितळी ताटली घेऊन वर आली. ताटली तिनं जिन्याच्या तोंडाशी, रोडग्यांपासून लांब ठेवली. एक वडी पेटवली आणि खाली कान दिला. चपला त्याच वेगानं चढत होत्या. तिनं दुसरी वडी टाकली. चपला पहिला मजला ओलांडून पुढे आल्या. तिसऱ्या वडीला बडबड थांबली. चौथ्या वडीला चपलांचा आवाज हळू झाला.

"अजून टाक," दुर्गाबाई म्हणाल्या.

पाचव्या वडीला, वरून सहाव्या पायरीवर, चपला पायातून उतरल्या.