रिस्पेक्टेड सर, घरी या

"एजंट कशाला? मी स्वतः भरीन," असं मी म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात भाखरवडी होती. भरल्या तोंडाने माणसाने मोठे निर्णय घेऊ नयेत, हे मला आता कळतं.

झालं असं. माझी बायको रसिका बडोद्यातल्या एका इस्पितळात नर्स होती. तिला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली. आधी तिने जायचं आणि मग तिचा नवरा या नात्याने व्हिसा काढून मी मागोमाग जायचं, असं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी हरणीच्या आमच्या फ्लॅटवर नातेवाईक जमले होते. त्यात माझा साडू कुशल म्हणाला, "समरभाऊ, अलकापुरीत माझ्या ओळखीचा व्हिसावाला आहे. त्याच्याकडे कागद द्या आणि निवांत झोपा."

आता बडोद्यात दर दुसऱ्या दुकानावर व्हिसाची पाटी असते. (मधल्या दुकानात व्हिसाचे फोटो काढून मिळतात.) पण मी बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क. कागद अपुरे म्हणून ट्रकवाल्यांना परत पाठवण्यात माझी हयात गेलेली. माझ्या कागदात कोण खोट काढणार?

"अहो, घेऊ द्या ना त्यांना मदत," रसिका म्हणाली. "तुम्ही गॅसचं केवायसी केलंत तेव्हा माझ्या नावापुढे आईंचा फोटो लागला होता."

"ती सर्व्हरची चूक होती," मी म्हणालो आणि दुसरी भाखरवडी उचलली.

रसिका गेली. दुसऱ्याच दिवशी मी ऐटीत कॉम्प्युटरसमोर बसलो. नाव, गाव, जन्मतारीख इथपर्यंत माझी घोडदौड कोणी रोखू शकलं नाही. मग एका पानावर मी अडकलो. आमचं लग्न खरं आहे आणि टिकाऊ आहे, याचे पुरावे त्यांना हवे होते.

"लग्नाचं सर्टिफिकेट आहे की," आई म्हणाली.

"तेवढं पुरत नाही म्हणे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे दिसलं पाहिजे."

"अगंबाई! ते कसं दाखवणार?" आईने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. (त्या नजरेत सहानुभूती कोणाबद्दल होती, हे मी विचारलं नाही.) "त्यांना म्हणावं, निम्मं प्रतापनगर जेवून गेलंय तुमच्या लग्नात. त्यांना विचारा."

मी फोटो शोधायला घेतले. आमच्याकडे फोटो भरपूर. पावागडला रसिका, सुरसागरला रसिका, माथेरानला घोड्यावर रसिका. एकाही फोटोत मी नाही, कारण सगळे मीच काढलेले. एका सेल्फीत माझा अर्धा कान सापडला. सगळी मदार लग्नाच्या अल्बमवर होती, तर तिथे ऐन सप्तपदीच्या फोटोत रसिकाचे मामा उदयसिंहराव आपल्या भल्यामोठ्या फेट्यासह मधोमध उभे. परक्या माणसाने अल्बम पाहिला तर त्याची खात्रीच होईल, की या बाईचं लग्न एका फेट्याशी झालेलं आहे.

मग राहिले मोबाइलवरचे मेसेज. नवराबायकोंनी एकमेकांना पाठवलेले मेसेज पुरावा म्हणून चालतात, असं तिथे लिहिलं होतं. एका रविवारी दुपारी मी आमचं जुनं चॅट उघडून बसलो. माझे सगळे मेसेज दोन प्रकारचे होते: 'बरं' आणि 'आलोच'. रसिकाचे मात्र एकेक असे होते की वाचता वाचता तिचा आवाज कानात घुमायला लागला. 'अहो, डोकं खाऊ नका.' 'कोथिंबीर सांगितली तर मेथी? धन्य आहे तुमची.' 'अहो, रक्त प्यायलात माझं.' 'अहो, घरी या, मग सोलून काढते.'

खोटं कशाला सांगू, माझे डोळे पाणावले. ती गेल्यापासून घरात असं कोणी बोललंच नव्हतं. आई बोलायची, पण ती टीव्हीशी. मला वाटलं, भावना म्हणतात त्या याच. मी वेचून वेचून असे मेसेज काढले आणि त्यांची छानशी फाइल केली.

ते मराठीत होते, म्हणून त्यांचं इंग्रजी भाषांतर हवं होतं. दांडिया बाजारात बाळकृष्ण सर राहतात. चाळीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, आता कोर्टकचेरीची भाषांतरं करून शिक्का मारून देतात.

"सर, जरा लवकर मिळेल का?"

"मिळेल. पण एक लक्षात ठेवा," सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी भावार्थ देत नाही. शब्दाला शब्द देतो. माझ्या पदरचं एक अक्षर त्यात सापडायचं नाही."

हे ऐकून मला केवढं हायसं वाटलं! त्यांनी दिलेले कागद मी घरी आणून न वाचता स्कॅन केले आणि पाठवून दिले. (न वाचता पुढे पाठवणं हा डिस्पॅचमधल्या माणसाचा मूळ स्वभाव.)

काही आठवड्यांनी व्हिसा ऑफिसातून मेल आला. मेल लांबलचक होता, पण सूर अतिशय प्रेमळ. आम्हाला तुमच्या ख्यालीखुशालीची काळजी वाटते, तुम्ही एकटे नाही आहात, कधीही बोलावंसं वाटलं तर या नंबरवर फोन करा. मी भारावून गेलो. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर सगळ्यांना मोबाइल दाखवला.

"याला म्हणतात सरकार! आपल्याकडे कधी कोणी विचारतं का, बाबा रे, तू बरा आहेस ना?"

शेजारच्या भक्तीबेननी परदेशी माणसांच्या चांगुलपणाला गुजरातीत दाद दिली, "बहु सारुं, समरभाई! फोरेनना लोको केटला सारा!"

त्याच रात्री कुशल जेवायला आला होता. मी त्यालाही मोठ्या कौतुकाने मेल दाखवला. वाचता वाचता त्याचा घास हातातच राहिला.

"समरभाऊ, हा नंबर कसला आहे माहीत आहे?"

"चौकशीचा असेल."

"घरात मारहाण होते अशा लोकांसाठी आहे तो. त्यांना वाटतंय रसिकाताई तुम्हाला छळते. तुम्ही त्यांना पाठवलंत तरी काय?"

मी सरांचे कागद काढले आणि पहिल्यांदाच वाचले. सरांनी शब्द पाळला होता. 'अहो' या शब्दासाठी त्यांनी सगळीकडे 'रिस्पेक्टेड सर' वापरलं होतं. 'रिस्पेक्टेड सर, डू नॉट ईट माय हेड.' त्याखाली, 'रिस्पेक्टेड सर, यू हॅव सकड माय ब्लड.' आणि पानाच्या तळाशी, शिक्क्याच्या बरोबर वर, 'रिस्पेक्टेड सर, कम होम, देन आय शॅल पील अँड रिमूव्ह यू.' प्रत्येकाखाली माझं उत्तर: 'ऑल राइट. आय हॅव जस्ट कम.'

कुशल हसून हसून खुर्चीवरून घसरला. आईने "काय झालं?" म्हणून विचारलं, तर त्याने तिला सगळं पुन्हा मराठीत करून सांगितलं. मग तीही हसली. मी मात्र ते कागद पुन्हा पुन्हा उलटून बघत होतो. आमचं लग्न टिकाऊ नाही असं त्यांनी ठरवलं तर? रसिका तिकडे आणि मी इकडे, एका शिक्क्यामुळे?

दुसऱ्या दिवशी पहाटेच फोन वाजला. रसिकाच होती.

"अहो, मी एका आजोबांचं बीपी बघत होते. मला ऑफिसात बोलावून घेतलं. मेल आलाय. मी तुम्हाला सोलणार आहे का, असं विचारतायत! वॉर्डातली माणसं माझ्याकडे कशी बघतात माहीत आहे? केलंय काय तुम्ही?"

"भाषांतर," मी बारीक आवाजात म्हणालो.

शेवटी व्हिसा ऑफिसाशी व्हिडिओ कॉल ठरला. एका चौकोनात ऑफिसरबाई, एकात रसिका, एकात मी. सोबतीला दुभाष्या देऊ का, असं विचारलं होतं. पण भाषांतर या प्रकाराचा मी आता धसका घेतला होता. मी ठणकावून नको म्हणून कळवलं. बाईंनी आधी रसिकाला थोडा वेळ बाहेर ठेवलं आणि माझ्याशी एकट्याशी बोलायला लागल्या. त्यांचे उच्चार मला नवे होते.

"आर यू सेफ ॲट होम?"

मला 'शेफ' ऐकू आलं. "नो मॅडम. वाइफ इज शेफ. आय ओन्ली मेक टी."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बायकोने तुम्हाला जिवे मारायची धमकी कधी दिली आहे का?"

खोटं बोललं की व्हिसा नाकारतात, असं मी वाचलं होतं. "यस मॅडम. डेली."

"तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?"

मी आठवून पाहिलं. ती वेळ बहुतेक रात्रीच्या जेवणाची असायची. "हंग्री, मॅडम."

बाईंचा चेहरा फारच गंभीर झाला. त्यांनी रसिकाला आत घेतलं आणि त्या सोलण्याच्या मेसेजबद्दल विचारलं. रसिका इंग्रजीत शांतपणे सांगायला लागली, की हा एक वाक्प्रचार आहे, त्या दिवशी नवरा घराची किल्ली खिशात घालून कामाला निघून गेला होता.

"एक मिनिट," मी मराठीत म्हणालो. "किल्ली मी नेली नव्हती. तू पर्समध्ये बघितलं नव्हतंस."

"पर्समध्ये?" रसिका इंग्रजी विसरली. "अहो, मी रात्रपाळी करून आले तर दाराला कुलूप, आई गेलेल्या सत्संगाला आणि किल्ली सावलीला! दुपारी आई येईपर्यंत जिन्यात बसून होते मी! भक्तीबेनने चहा दिला म्हणून जिवंत राहिले!"

"मग फोन करायचास."

"केला होता! तुम्ही काय म्हणालात? 'आलोच'! आणि उगवलात दिवेलागणीला!"

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि तिने मोबाइलमध्ये डोकं घातलं. "खरं आहे तिचं. हा लहानपणापासून असाच आहे. बाई, तुम्हीच सांगा आता याला चार शब्द." (हे ऑफिसरबाईंना, शुद्ध मराठीत.)

"आई, तुम्ही गोळ्या घेताय ना?" रसिकाने तेवढ्यात विचारलं. "आणि हे डबा नेतात का? वाळलेत किती! मला तर सगळं ठीक आहे म्हणून सांगतात."

"कॅन्टीनचं खातो. रोज वडापाव," आईने सांगून टाकलं.

"वडापाव? तुम्हाला ॲसिडिटी आहे ना? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? थांबा, मला तिथे यायला लागलं ना..."

असं किती वेळ चाललं कोणास ठाऊक. मध्येच मला जाणवलं की ऑफिसरबाई कधीच्या गप्प बसून ऐकतायत. आम्ही तिघंही एकदम थांबलो. मी कपाळाचा घाम पुसला. संपला आपला व्हिसा, असंच मला वाटलं.

बाईंनी रसिकाला विचारलं, "तुम्ही दोघं रोजच असं बोलता?"

"आधी बोलायचो," रसिका इंग्रजीत म्हणाली. मग तिचा आवाज जरा हलला. "इथे आल्यापासून नाही. फोनवर हे नुसतं बरं बरं करतात. मलाही वाटतं, एवढ्या लांबून काय बोलायचं. आज बऱ्याच दिवसांनी..." तिने मान खाली घातली.

मी म्हणालो, "बरं."

ऑफिसरबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "थँक यू. आय हॅव नो फर्दर क्वेश्चन्स," म्हणाल्या आणि त्यांचा चौकोन गेला.

व्हिसा आला. मेल उघडला तेव्हा मी सावलीला ऑफिसात होतो. या वेळी तो मी नीट, दोनदा वाचला आणि आमच्या सुपरवायझरला एकदा वाचायला लावला. मग गोदामामागच्या लिंबाखाली जाऊन रसिकाला फोन लावला.

"रसिका, आला व्हिसा. येतोय मी."

पलीकडून आवाज नाही. बराच वेळ नुसता तिचा श्वास आणि कसलीतरी सळसळ ऐकू येत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला माझ्यासाठी असं निःशब्द झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"रडतेस का गं?" मी हळूच विचारलं.

"छे हो, कागद शोधत होते. हां, लिहून घ्या. आपल्या बडोद्याचा लिलो चेवडा, भाखरवडी, आईंच्या हातचा गोडा मसाला, छोटा कुकर, त्याची जास्तीची रिंग, आणि इथल्या मैत्रिणींसाठी कुर्ते. विमानात वजनाची फार कटकट करतात, तेव्हा आधी हे सगळं भरा. आणि जागा उरलीच, तर तुमचे कपडे घाला."