वरचं बोचकं, खालचं बोचकं

माळा आवरायचं मी ठरवलं, तो रविवार माझ्या आयुष्यात आला नसता तर फार बरं झालं असतं. मी घरात काडीचं काम करत नाही, असं आमची वासंती बारा वर्षं म्हणते आहे. (ऑफिसातही फार करतो असं नाही, पण तिथे मी आवक-जावक टेबलाला असल्यामुळे ते कागदांच्या ढिगाआड झाकलं जातं.) म्हणून त्या रविवारी ती खामगावच्या बाजारात गेलेली पाहून मी माळ्यावरची बोचकी खाली काढली, झटकली आणि पुन्हा वर रचली. तिला सांगितलं नाही. तिनं आपणहून पाहावं आणि कौतुक करावं, असा माझा बेत होता. तिनं वर पाहिलंच नाही.

पुढच्या आठवड्यात ती धामणगाव बढ्याला माहेरी गेली. तिच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. मी आणि आमची पाचवीतली नीरजा मागे राहिलो, कारण तिच्या शाळेत 'टाकाऊतून ऐतिहासिक पोशाख' अशी स्पर्धा होती आणि नीरजाला सरदार व्हायचं होतं. मी ऑफिससमोरच्या टपरीवरून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि तारेत ओवून चिलखत केलं. शिरस्त्राण म्हणून एक पोचे आलेलं पातेलं. गुरांच्या ढेपेच्या पोत्याचा शेला.

"बाबा, हे टोचून राह्यलं," सरदार म्हणाला.

आत अंगरखा हवा होता. मी वासंतीला फोन लावला.

"माळ्यावर दोन बोचके हायेत," ती म्हणाली. "वरच्यातलं काईबी घ्या. खालच्याले हात लावू नका."

"खालच्यात काय आहे?"

"हात लावू नका म्हनलं ना." तिकडे तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी आज्ञाधारक माणूस आहे. खालच्या बोचक्याला बोटसुद्धा लावलं नाही. वरच्यात एक जुनं लुगडं निघालं, हिरवं, लाल काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, कोपऱ्यात एक ठिगळ. मी कात्री चालवली. बाह्या बऱ्या जमल्या. गळा एवढा मोठा झाला की त्यातून सरदाराचे दोन्ही खांदे बाहेर यायला लागले, म्हणून पिना लावल्या.

स्पर्धेत नीरजाचा दुसरा नंबर आला. परीक्षक निवेदिता मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं आणि अंगरख्याचा काठ हातात घेऊन विचारलं, "किती सुंदर आहे. हे कापड कुठलं?"

माइक समोर आला की माझी जीभ सैल सुटते. "कचराच होता मॅडम," मी म्हणालो. "फेकूनच द्यायचा होता."

टाळ्या झाल्या. मी दाराकडे पाहिलं. वासंती एसटीतून उतरून थेट शाळेत आली होती. हातात पिशवी तशीच होती आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

घरी आल्याआल्या तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली. नीरजाच्या अंगातून तो अंगरखा काढून तिनं मांडीवर घेतला. शिवण जरा ओढून पाहिली, तर एका ओढीत सगळे टाके सुटले.

"माय गेली तव्हा आमा दोघी बहिनीले एकेक लुगडं आलं," ती म्हणाली. "याची गोधडी शिवाची होती मले."

"पण तू वरचं म्हणालीस..."

"चिंध्याचं बोचकं वर होतं. हे मी सगळ्यात खाली ठिवलं होतं."

तेव्हा मला तो रविवार आठवला. मी सांगून टाकलं.

"काऊन आवरला माळा?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

मग ती रडली. मला कुठे पाहावं ते कळेना, म्हणून लुगड्याकडे पाहिलं आणि तो काठ ओळखीचा वाटला. सासूबाई जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायच्या नाहीत. किती वर्षं त्या याच काठाआडून मला "अजून एक पोळी घ्या जावईबापू" म्हणायच्या, आणि मी घ्यायचो. पोळ्या आठवल्या, काठ आठवला नाही. याची मला फार लाज वाटली, अजूनही वाटते.

वासंतीनं तुकडे जोडून गोधडी शिवायला घेतली. मी मदत करू का विचारलं, तर तिनं कात्री उचलून आपल्या मागे ठेवली. पंधरा दिवसांत गोधडी झाली. मी कापलेला गळा मात्र मधोमध भोक होऊन राहिला होता. तिथे तिनं ठिगळ लावलं. निळं, बारीक रेघांचं, चांगल्या कापडाचं.

"वासंती, हा माझा लग्नातला सूट आहे."

"हो का?" टाका घालता घालता ती म्हणाली. "मले वाटलं कचरा हाय. फेकूनच द्याचा होता."

यंदा थंडी बरीच आहे. माय-लेकी गोधडीत झोपतात. माझ्या सुटाला त्यांच्यात जागा मिळाली, मी अजून चादरीवरच आहे.